माटुंग्याची पंगत

एखाद्या वस्तीचा इतिहास जाणून घ्यायचा असेल तर आपण ग्रंथालयाची पायरी चढतो. मुंबईतल्या माटुंग्याचा निम्मा इतिहास मात्र केळीच्या पानावर वाढलेला सापडतो. तेथल्या हॉटेलांची शिफारस करण्याचा माझा हेतू नाही. एवढी तऱ्हेतऱ्हेची हॉटेले एकाच ठिकाणी का जमली आणि त्यांतून आपण काय घ्यावे, एवढेच मला सांगायचे आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीची वस्ती रोगाचे माहेरघर बनते हे सरकारला उशिरा उमगले आणि १८९८ मध्ये बॉम्बे इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. बेटाच्या उत्तर टोकाकडील मोकळ्या जमिनी घेऊन ट्रस्टने दादर-माटुंगा भागात रुंद रस्त्यांचे, बागांचे आखीव उपनगर वसवले. आज माटुंगा मुंबई शहर जिल्ह्यात मोडतो, तरी त्याचा उपनगरी तोंडवळा पुष्कळसा टिकून आहे. भर दुपारी पाच बागांच्या बाजूने चालत जावे. जुन्या झाडांची सावली सुटत नाही. किंग्ज सर्कलचा, म्हणजे आताच्या महेश्वरी उद्यानाचा, गोल फेरा मारला की फुलांचा आणि भाजलेल्या कॉफीचा वास एकदमच येतो.

या नव्या उपनगरात १९२० नंतरच्या दशकांत दक्षिणेकडून आलेली सुशिक्षित मंडळी मोठ्या संख्येने राहू लागली. इंग्रजी येणारे, टंकलेखन-लघुलेखन जाणणारे हे तरुण कचेऱ्यांतून कारकून झाले. त्यांच्यातूनच १९३२ साली साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी उभी राहिली. पुष्कळांची बायकामुले गावी. अशा एकट्या माणसाला दोनच गोष्टी हव्या असतात: खिशाला परवडेल असे जेवण आणि घरची आठवण करून देणारी चव. त्या काळी तिसरी अटही असे: स्वयंपाक कोणाच्या हातचा आहे? ही तिन्ही गणिते ज्यांनी सोडवली, त्यांची बोर्डिंगे आणि कॅफे येथे उभे राहिले. ‘रामाश्रय’ १९३९ चे, ‘कॅफे मद्रास’ १९४० चे, तर रामा नायक यांचे ‘उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ १९४२ चे. तिन्ही आजही चालू आहेत.

आपण मराठी माणसे या साऱ्याला सरसकट ‘मद्रासी’ म्हणून मोकळे होतो. वास्तविक त्या एका शब्दाआड निदान चार स्वयंपाकघरे दडलेली आहेत. उडुपीची परंपरा तेथल्या कृष्णमंदिराच्या आणि मध्वाचार्यांच्या मठांच्या पाकशाळेतून आलेली. मुळात कांदालसूण वर्ज्य, आणि सांबारात गुळाचा गोडवा. तमिळ घरचे सांबार त्या मानाने गूळ न घातलेले, चिंचेच्या आंबटपणावर उभे. त्यामागून रस्सम आणि शेवटी ताकभात. पालघाटकडच्या अय्यर मंडळींच्या भाज्यांत केरळचा नारळ उतरतो. मंगळूरकडचा नीर डोसा या तिघांहून वेगळा; तो आंबवावा लागत नाही. आणि गंमत पाहा, ‘कॅफे मद्रास’ काढणारे गोपाळकृष्ण कामत! ज्यांना आपण मद्रासी म्हणून दूर ठेवले, त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरात आपल्या मराठीची सख्खी बहीण असलेली कोकणी बोलली जात होती.

ही हॉटेले स्वस्त का राहू शकली? इडलीचेच उदाहरण घेऊ. तीनचार वाट्या तांदळाला एक वाटी उडीदडाळ. रात्री वाटून ठेवले की मुंबईच्या दमट उष्म्यात पीठ सकाळपर्यंत आपोआप फुगते. त्याला तेल लागत नाही, आणि एका वाफेवर एकाच वेळी अनेक ताटल्या निघतात. पण स्वस्ताईचे दुसरे कारण इतके गोड नाही. दक्षिण कानडातून कोवळ्या वयाची मुले येत, हॉटेलातच राहत, पहाटेपासून कपबशा विसळत आणि रात्री बाकांवर निजत. त्यांतलीच काही जिद्दीने कन्नड रात्रशाळांत जाऊन शिकली आणि पुढे स्वतःच्या गल्ल्यावर बसली. आपल्या स्वस्त इडलीत त्यांची झोप मिसळलेली होती, हे विसरून चालणार नाही.

शेजारच्या इराण्याचे शास्त्र निराळे. तो आला इराणच्या यझ्द वगैरे भागांतून. त्याच्या संगमरवरी टेबलाला सोवळेओवळे ठाऊक नव्हते. किंग्ज सर्कलच्या ‘कूलर अँड कंपनी’त ब्रून-मस्का खाताना समोरच्याला कोणी जात विचारत नसे. हळूहळू उडुप्याकडेही तीच रीत आली. गर्दीच्या वेळी अनोळखी माणसांनी एकाच टेबलाला बसायचे ही माटुंग्याची शिस्त आजही आहे. जे काम पुष्कळ भाषणांना साधले नाही, ते जागेच्या टंचाईने आणि भुकेने साधले. याशिवाय गुजराती आणि कच्छी कुटुंबे आली आणि जैन पद्धतीचे पदार्थ आले. मराठी थालीपीठ मात्र हवे असेल तर एक स्टेशन पुढे दादरला उतरावे.

एवढे सगळे खेळीमेळीने झाले असे मात्र नाही. १९६६ साली शिवसेनेची स्थापना झाली. मुंबईतल्या नोकऱ्यांत मराठी तरुण मागे पडतो आहे ही वेदना खोटी नव्हती. पण त्या रागाचा पहिला रोख दाक्षिणात्यांवर वळला, आणि त्या वर्षांत उडुप्यांच्या हॉटेलांवर दगड पडले हेही खरे. वाद होता कचेरीतल्या खुर्चीचा आणि काच फुटली ती डोसा भाजणाऱ्याची! ज्या घरांतून तेव्हा त्या घोषणांना साथ मिळाली असेल, त्या घरांतही आज इडलीपात्र आहे. दक्षिणेचा पदार्थ आपण स्वीकारला. तो करणाऱ्याला स्वीकारायला मात्र आपल्याला फार वेळ लागला.

हा प्रश्न जुना झाला असे कोणी समजू नये. उडुपीकडची मुले आता शिकली, त्यांना भट्टीपुढे उभे राहण्याची गरज उरली नाही. आज अनेक हॉटेलांत तव्यापाशी आणि मोरीपाशी उत्तरेकडची वा नेपाळची मुले दिसतात. २००८ साली मुंबईत तसाच राग उत्तर भारतीयांवर निघाला होता. माणसे बदलली, तवा तोच राहिला आणि आपली सवयही तीच राहिली. दुसरीकडे जागांचे भाव असे चढले आहेत, की एकट्या नोकरदाराला आणि विद्यार्थ्याला पोटभर वाढणारे नवे बोर्डिंग आज कोणी काढू धजेल असे मला वाटत नाही. जी आहेत ती टिकली तरी पुष्कळ.

आपण कला शाखेचे विद्यार्थी समाजशास्त्राच्या तासाला ‘स्थलांतर’ आणि ‘सहभोजन’ या शब्दांच्या व्याख्या पाठ करतो. एखाद्या दुपारी माटुंग्याला जाऊन पानावर बसावे. सांबार गोड की आंबट ते चाखावे, वाढणाऱ्याला त्याचे गाव विचारावे आणि शेजारच्या अनोळखी माणसाकडे चटणीची वाटी सरकवावी. त्या दोन्ही शब्दांचे अर्थ तेथे पुस्तकाहून लवकर कळतात.