धवल्यांचं शूटिंग केलंत, आता ते ठेवणार कशात?

पान शेतीचं आणि विषय संगणकाचा, असं वाटेल. पण उलवे, पनवेल, उरण पट्ट्यातली आपली मुलं हल्ली मोबाईलवर भातलावणी, मिठागरं, धवलारणींचे धवले टिपतात आणि घरीच एडिटिंग करतात. १९७० साली सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी गेल्या. विमानतळासाठी तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी ही गावं उठली. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचं उद्घाटनही झालं. त्या गावांचं शूटिंग पुसलं गेलं, तर पुन्हा काढायला गाव जागेवर नाही.

आधी हिशेब करा. आयफोनवर ४के चित्रीकरण सेकंदाला ३० फ्रेमने केलं, तर मिनिटाला सुमारे १७० एमबी जागा जाते, जुन्या एच.२६४ पद्धतीत ३५० एमबी. म्हणजे तीन तासांच्या हळदीला ३० ते ६३ जीबी! पेनड्राइव्हवर एवढं काम रेटू नये.

एडिटिंगसाठी एसएसडी घ्यावी. तिच्यात फिरणारा भाग नसतो, त्यामुळे हातातून पडली तरी सहसा तग धरते. वेग सेकंदाला ५०० एमबी आणि वर. साध्या पोर्टेबल हार्ड डिस्कचा वेग १००-१३० च्या आसपास आणि चालू असताना धक्का लागला की गेलीच. पण ती स्वस्त. तेव्हा काम एसएसडीवर, साठवण हार्ड डिस्कवर, हे आपल्याला परवडणारं.

केबल मात्र नीट पाहा. टाइप-सी दिसली म्हणून वेगवान नसते. चार्जरसोबतची बहुतेक केबल यूएसबी २ ची असते, त्यावर महागडी एसएसडीही सेकंदाला ३०-४० एमबीनेच रांगते. डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावी. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसतच नाही. १ टीबीची डिस्क विंडोजवर ९३१ जीबी दाखवते, तो मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे, दुकानदाराची लबाडी नव्हे. लबाडी वेगळी: हजार-दीड हजारात '१६ टीबी एसएसडी' विकतात. आत छोटं कार्ड असतं, वर आकडा खोटा. भरत गेलात की आधीच्या फायली बाद होतात. बोगस बियाण्यासारखंच आहे हे. पक्कं बिल आणि वॉरंटीशिवाय घेऊ नका.

बियाणं आपण एकाच कणगीत ठेवतो का? तसंच इथं. मूळ शूटिंगच्या दोन प्रती हव्यात, त्यातली एक दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा मामाकडे. आपल्याकडची खारी, दमट हवा जोडणीच्या पिनांना गंज आणते, म्हणून डिस्क झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी. एसएसडी वर्षानुवर्षं न जोडता कपाटात ठेवू नये, वीज न मिळाल्यास त्यातला डेटा हळूहळू खराब होऊ शकतो. गणपतीआधी घर आवरताना दोन्ही डिस्क एकदा लावून दोन-चार फायली चालवून बघा.