चुटकीचा स्वर

तंबोऱ्याची तार छेडली असता तिचा स्वर कोणता हे जाणत्या कानाला लगेच कळते, कारण ती तार बराच काळ झंकारत राहते. परंतु बोटांनी वाजविलेल्या चुटकीचा स्वर कोणता असे कोणी विचारल्यास भल्या गवयालाही निरुत्तर व्हावे लागेल, कारण तेवढ्या अल्पावधीत मोजण्याजोगी कंपनेच कानाच्या हाती लागत नाहीत. प्रकाशाचीही हीच कथा आहे. लेसरचा स्पंद जितका आखूड, तितकी त्याची कंप्रता, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, फाकलेली. आणि या बाबतीत निसर्गाच्या दरबारात कोणालाही सूट नाही. सेकंदाचा दहा कोटीवा भाग, म्हणजे 10 नॅनोसेकंद टिकणारा सुबक घंटाकार स्पंद घेतला, तरी त्याची कंप्रता सुमारे 44 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरणारच.

मग अणूंचे वर्णपट काटेकोरपणे वाचू पाहणाऱ्यांनी अखंड तेवणारा लेसर सोडून चुटकीच्या नादी का लागावे? एक तर स्पंदात ऊर्जा एकवटलेली असल्यामुळे, जेथे सरळ लेसर मिळत नाही अशा रंगांत त्या प्रकाशाचे रूपांतर करता येते. आणि दुसरे असे, की काही अणू मुळातच क्षणभर जगणारे असतात.

1966 नंतरच्या वर्षांत रंजकद्रव्यांचे लेसर हाती आले, तेव्हा त्यांचा मोठा गुण हाच मोठा दोष होता: ते अनेक रंगांत चमकू शकत, म्हणून एका रंगावर टिकत नसत. स्टॅनफर्डमध्ये आर्थर शॉलो यांच्याकडे हायडेलबर्गहून आलेल्या थिओडोर हेन्श या तरुणाने, नायट्रोजन लेसरच्या स्पंदांनी चेतविलेल्या अशा लेसरच्या पोटातच एक दुर्बीण बसविली. हेतू साधा होता. रंग निवडण्याचे काम ग्रेटिंग, म्हणजे अतिसूक्ष्म समांतर रेघा कोरलेला आरसा, करीत असे. बारीक किरणशलाका त्यांपैकी थोड्याच रेघांवर पडे, ती दुर्बिणीने रुंद केली की पुष्कळ रेघांची साक्ष एकत्र होऊन निवाडा अधिक नेमका होई, आणि आरसा जळण्याची धास्तीही टळे. जोडीला एटॅलॉन, म्हणजे समोरासमोर बसविलेली दोन अर्धपारदर्शक पृष्ठे, घातल्यावर कंप्रतेचा पट्टा सुमारे 300 मेगाहर्ट्झपर्यंत आवळला गेला. याच बंदोबस्ताच्या बळावर 1972 मध्ये हेन्श, शाहीन आणि शॉलो यांनी हायड्रोजनच्या तांबड्या रेषेत लॅम्ब विस्थापन, म्हणजे दोन ऊर्जापातळ्यांतील अतिसूक्ष्म फरक, प्रत्यक्ष प्रकाशात उलगडून दाखविले; लॅम्ब आणि रेदरफर्ड यांनी ते 1947 मध्ये सूक्ष्मतरंगांनी मोजले होते.

मला स्वतःला या इतिहासात सर्वांत मोहक वाटते ती मात्र सूर सरकविण्याची युक्ती. तंबोऱ्याला खुंटी असते आणि मणीही असतो. खुंटीने ढोबळ, मण्याने बारीक. लेसरमध्ये ग्रेटिंग ही खुंटी आणि एटॅलॉन हा मणी मानला, तर दोन्ही यंत्राने फिरविताना ती एकमेकांशी इमान राखीत नाहीत, आणि मधेच प्रकाश एका कंप्रतेवरून दुसरीवर उडी मारतो. वालेनश्टाइन आणि हेन्श यांनी 1974 मध्ये दोन्ही एकाच वायूच्या कोठीत ठेवली आणि काहीही न फिरविता केवळ वायूचा दाब बदलला. अपवर्तनांक दोहोंकरिता सारख्याच प्रमाणात बदलतो. म्हणून खुंटी आणि मणी हातात हात घालून चालतात.

तरीही एक खोड उरते. स्पंद वाढविताना माध्यमाचा अपवर्तनांक त्या काही नॅनोसेकंदांतच हलतो, आणि स्वर एका जागी न राहता मींड घेतल्यासारखा घसरतो. यावर पूर्ण इलाज नाही. मींड मोजून हिशेबातून वजा करावी लागते. कंप्रतेवर अंमल बसविण्याची प्रचलित तजवीज म्हणजे एका दुर्बळ पण स्थिर, अखंड लेसरचा प्रकाश बी म्हणून शक्तिशाली लेसरमध्ये सोडणे. स्पंद मग त्याच बीजाचा स्वर धरून वाढतो.

स्वित्झर्लंडमधील पॉल शेरर संस्थेत हे सारे पणाला लागले. प्रोटॉनची त्रिज्या मोजण्याकरिता तेथे हायड्रोजनच्या इलेक्ट्रॉनऐवजी त्याच्या सुमारे 207 पट जड म्यूऑन प्रोटॉनभोवती फिरविला गेला. म्यूऑनचे सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद, आणि तो येणार केव्हा याची आगाऊ वर्दी नाही. तो आल्याची खूण मिळताच सुमारे एका मायक्रोसेकंदात लेसरचा स्पंद पोहोचला पाहिजे. स्थिर बीज-लेसरने बांधलेला 708 नॅनोमीटरचा स्पंद दाबाखालच्या हायड्रोजन वायूतून नेऊन त्याची कंप्रता तीनदा खाली उतरविली, तेव्हा तो 6 मायक्रोमीटरवर आला: हायड्रोजनची परीक्षा घेणारा प्रकाश हायड्रोजननेच घडविला! कंप्रतेचे माप लावण्याकरिता पाण्याच्या वाफेच्या सुपरिचित शोषणरेषांचा दाखला घेतला.

2010 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातून प्रोटॉनची त्रिज्या 0.84184 फेम्टोमीटर निघाली. तोवरचा मान्य आकडा 0.8768 होता. चार टक्क्यांची ही तफावत कित्येक वर्षे वादाचा विषय राहिली, आणि प्रथम पुष्कळांनी नव्या प्रयोगावरच संशय घेतला. परंतु भौतिक स्थिरांकांच्या 2018 च्या अधिकृत तक्त्यात प्रोटॉनची त्रिज्या 0.8414 फेम्टोमीटर अशी नोंदविली आहे.