नाताळगीते आणि अमेरिकेची लोकप्रियता-यादी : १९४२ ते २०२४

अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ हे संगीतव्यवसायाचे नियतकालिक तबकड्यांच्या देशव्यापी विक्रीनुसार गाण्यांची क्रमवारी १९४० पासून प्रसिद्ध करत आले आहे, आणि ४ ऑगस्ट १९५८ रोजी सुरू झालेली त्याची ‘हॉट १००’ ही शंभर गाण्यांची यादी तेथील लोकप्रिय संगीताचा सर्वमान्य दस्तऐवज मानली जाते. मात्र दर डिसेंबरात घरोघरी, दुकानांत आणि रेडिओवर वाजणाऱ्या नाताळगीतांना या दस्तऐवजात जागा द्यावी की नाही, या प्रश्नाचे उत्तर गेल्या आठ दशकांत अनेकदा बदलले. त्या बदलांची कारणे श्रोत्यांच्या आवडीनिवडीत कमी आणि मोजणीच्या नियमांत अधिक सापडतात.

आरंभीच्या काळात असा काही भेद नव्हता. अर्व्हिंग बर्लिन यांनी ‘हॉलिडे इन’ या चित्रपटासाठी रचलेले आणि बिंग क्रॉस्बी यांनी गायलेले ‘व्हाइट ख्रिसमस’ १९४२ मध्ये सलग अकरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. घरापासून दूर असलेल्या सैनिकांनी लष्करी रेडिओकडे त्याची सतत मागणी केली, आणि १९४५ व १९४६ च्या हिवाळ्यात ते पुन्हा अग्रस्थानी आले. तबकड्या काढून काढून मूळ साचा इतका झिजला की १९४७ मध्ये क्रॉस्बींना ते गाणे नव्याने ध्वनिमुद्रित करावे लागले. जुने गाणे दरवर्षी पुन्हा विकले जाते आणि पुन्हा यादीत येते, यात त्या वेळी कोणालाच वावगे वाटत नव्हते. जीन ऑट्री यांचे ‘रूडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडियर’ जानेवारी १९५० च्या पहिल्या यादीत अग्रस्थानी होते. ‘हॉट १००’ सुरू झाली त्याच वर्षीच्या डिसेंबरात डेव्हिड सेव्हिल यांचे, आवाजाची गती वाढवून खारींच्या तोंडी घातलेले, ‘द चिपमंक साँग’ तेथे पहिले आले, आणि असा मान मिळवणारे दुसरे नाताळगीत येईपर्यंत एकसष्ट वर्षे जावी लागली.

या दीर्घ खंडाचा उगम १९६३ मध्ये आहे, कारण त्या वर्षी बिलबोर्डने नाताळगीतांसाठी वेगळी हंगामी यादी सुरू करून त्यांना ‘हॉट १००’ मधून बाजूला काढले. त्यामागचा व्यापारी विचार समजण्यासारखा आहे : यादीचे मुख्य वाचक दुकानदार व रेडिओकेंद्रांचे चालक होते, आणि कोणत्या नव्या गाण्याच्या तबकड्या मागवाव्यात हे ठरवणाऱ्यांना दरवर्षी त्याच क्रॉस्बींचे नाव पाहून काही उपयोग नव्हता. परंतु यादी बाजारासाठी सोयीची करताना ती श्रवणाचा पुरावा म्हणून अपुरी झाली. ही वेगळी यादी १९७२ नंतर खंडित झाल्यावर नाताळगीते मुख्य यादीत अधूनमधून दिसू लागली, तरी त्यांची पोच मर्यादितच राहिली. १९७८ मध्ये ‘ईगल्स’चे ‘प्लीज कम होम फॉर ख्रिसमस’ अठराव्या स्थानापर्यंत गेले. इथिओपियातील दुष्काळग्रस्तांसाठी ब्रिटनमध्ये ध्वनिमुद्रित झालेले ‘डू दे नो इट्स ख्रिसमस?’ अमेरिकेत प्रचंड खपूनही १९८५ च्या आरंभी तेराव्या स्थानी अडले, कारण ‘हॉट १००’ विक्रीबरोबर रेडिओवरील प्रसारणही मोजत असे आणि त्या मापात ते मागे पडले.

१९९१ पासून आणखी एक अडसर आला. दीर्घकाळ यादीत राहिलेले गाणे ठरावीक क्रमांकाच्या खाली उतरले की ते ‘रिकरंट’, म्हणजे पुनरावर्ती, ठरवून कायमचे काढून टाकण्याचा नियम लागू झाला. नव्या गाण्यांना वाट करून देणारा हा नियम बाकी गाण्यांच्या बाबतीत योग्य होता. पण ज्या गाण्याचे स्वरूपच दरवर्षी परतण्याचे आहे, त्याला तो कसा लावायचा?

मारिया कॅरी यांच्या ‘ऑल आय वाँट फॉर ख्रिसमस इज यू’ या गाण्याच्या वाटचालीत हे सारे अडथळे एकामागून एक दिसतात. वॉल्टर अफानासिएफ यांच्यासह त्यांनी लिहिलेले हे गाणे १९९४ मध्ये आले, तेव्हा अमेरिकेत ते ‘सिंगल’ म्हणून, म्हणजे सुटे गाणे म्हणून, विक्रीस काढलेच नव्हते. पूर्ण अल्बम खपावा म्हणून सुटी तबकडी रोखून धरण्याचे धोरण त्या दशकात रूढ होत होते, आणि सिंगल नसलेले गाणे ‘हॉट १००’ साठी अपात्र होते. डिसेंबर १९९८ मध्ये ती अट उठल्यावर जानेवारी २००० मध्ये ते एकदा ८३ व्या स्थानी दिसले आणि पुढे बारा वर्षे दिसले नाही. जुनी नाताळगीते पहिल्या पन्नासांत बसत असतील तर त्यांनी परत यावे, अशी मुभा २०१२ मध्ये मिळाली. त्या हंगामात हे गाणे एकविसावे, २०१७ मध्ये पहिल्या दहांत आणि डिसेंबर २०१९ मध्ये पहिले आले. त्यानंतर २०२४ पर्यंत दर हंगामात ते पहिल्या क्रमांकावर पोचले आहे.

येथे नियमाइतकाच महत्त्वाचा बदल माध्यमाचा होता. १९५० च्या दशकात एखाद्या कुटुंबाने तबकडी विकत घेतली की ती विक्री एकदाच मोजली जाई, मग ते कुटुंब पुढे तीस नाताळ तीच वाजवो. स्ट्रीमिंगमध्ये, म्हणजे इंटरनेटवरून थेट ऐकण्यात, प्रत्येक श्रवण स्वतंत्रपणे मोजले जाते. घरात इतकी वर्षे न मोजता होत असलेली गोष्ट यामुळे प्रथमच आकड्यांत उतरली. ब्रेंडा ली यांनी १९५८ मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी ध्वनिमुद्रित केलेले ‘रॉकिन अराउंड द ख्रिसमस ट्री’ त्या काळी १९६० मध्ये जेमतेम चौदाव्या स्थानापर्यंत गेले होते. तेच ध्वनिमुद्रण डिसेंबर २०२३ मध्ये, गायिका ७८ वर्षांच्या असताना, पहिले आले.

ब्रिटनची परंपरा याहून निराळी आणि अधिक मोकळी आहे. तेथे १९५२ पासून चालू असलेल्या यादीत नाताळच्या आठवड्यातील पहिला क्रमांक हीच एक राष्ट्रीय स्पर्धा बनली, आणि १९७३ मधील ‘स्लेड’च्या विजयाने तिला खरा रंग चढला. १९८४ मध्ये दुष्काळनिधीच्या गाण्यामुळे दुसऱ्या स्थानी राहिलेले ‘व्हॅम’चे ‘लास्ट ख्रिसमस’ २०२३ मध्ये प्रथमच नाताळच्या आठवड्यात पहिले आले. त्यालाही कारण ठरला तो नियमच : १ जानेवारी २००७ पासून, दुकानात तबकडी उपलब्ध असो वा नसो, प्रत्येक डाउनलोड मोजले जाऊ लागल्याने जुन्या गाण्यांना दार उघडले होते.

आजच्या पद्धतीची किंमत नव्या कलावंतांना मोजावी लागते, हे नाकारता येणार नाही. नाताळच्या सुमारास पहिल्या दहांतील बहुतेक जागा अर्ध्या शतकापूर्वीच्या ध्वनिमुद्रणांनी व्यापलेल्या असतात आणि जानेवारीत ती एकदम नाहीशी होतात. तरीही यादीचे काम लोक काय ऐकतात हे नोंदवण्याचे असेल, तर २०१२ चा निर्णय १९६३ च्या निर्णयापेक्षा प्रामाणिक आहे. त्या दोन वर्षांमधील याद्यांत नाताळगीते तुरळक दिसतात म्हणून ती त्या काळात ऐकली जात नव्हती, असा निष्कर्ष लोकप्रिय संगीताच्या अभ्यासकांनी काढू नये.