दंतवैद्याची भीती: लांबणीवर पडणारे दुखणे

दंतवैद्याच्या खुर्चीची भीती बहुधा प्रत्यक्ष वेदनेपेक्षा वेदनेच्या अपेक्षेतून आणि आपल्या हाती काहीच नाही या जाणिवेतून उपजते. तिच्यामुळे उपचार लांबतात, साधी कीड दातातील चेतातंतू व रक्तवाहिन्या असलेल्या गाभ्यापर्यंत, म्हणजे दंतमज्जेपर्यंत पोहोचते आणि मग उपचार खरोखरच अवघड झाल्याने मूळ भीतीला पुष्टी मिळते. त्यात आणखी विपरीत असे, की चेतातंतूंतील सोडियमचे मार्ग अडवून वेदनेचा संदेश थोपवणारे लिडोकेन हे बधिरीकरणाचे औषध संसर्गाने सुजलेल्या, आम्लता वाढलेल्या ऊतींत कमी प्रभावी ठरते. म्हणजे असह्य होईपर्यंत थांबणाऱ्यालाच अधिक दुखण्याचा संभव असतो.

ही भीती मोजण्यासाठी नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये अवघ्या चार प्रश्नांची श्रेणी मांडली. उपायांपैकी सर्वांत साधा, आणि बिनखर्चाचा, म्हणजे रुग्णाने हात वर करताच काम थांबवण्याचा आधी ठरलेला संकेत, कारण त्याने नियंत्रण रुग्णाकडे परत येते. भीती तीव्र असल्यास मात्र विचार व वर्तन टप्प्याटप्प्याने बदलणारी मानसोपचारपद्धती किंवा शुद्ध न हरपता मन सैलावणारा नायट्रस ऑक्साइड वायू उपयोगी पडतो. भीती वाटणाऱ्यांनी ती डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावी, आणि ती भेट काहीही दुखत नसताना घ्यावी.