गरम ऑइलची वाट

नाशिकमध्ये त्र्यंबक रोडने निघालं की मायको सर्कल लागतं. ज्या कंपनीचं नाव या चौकाला पडलं ती आता बॉश झाली आहे. तिच्या सातपूरच्या कारखान्यातले नोझल आणि इंजेक्टर देशभरच्या डिझेल इंजिनांत बसले. त्याच पट्ट्यात महिंद्राचा वाहनांचा कारखाना आहे, आणि घाटमाथ्यावर इगतपुरीला इंजिनांचा. स्कॉर्पिओ, बोलेरो, थार या गाड्यांची ही जन्मभूमी. जुन्या जीपमध्ये दमदार डिझेल इंजिन बसवण्याचं काम या जिल्ह्यात मुरलं, याचं म्हणूनच नवल वाटत नाही. इंजिन आहे, सुटे भाग आहेत, अंबड-सातपूरला लेथवाले आहेत, आणि गाडीचा कस पाहायला त्र्यंबक-इगतपुरीकडची चढणं आणि भातखाचरांचा चिखल आहे.

या कामासाठी हौशी माणसं बहुधा एमएम ५४० शोधतात. १९८०च्या दशकातली ही जीप. तिच्यातलं एक्सडीपी ४.९० इंजिन मूळ फ्रान्सच्या पूजो कंपनीचं. चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर, २११२ सीसी, ६२ अश्वशक्ती. पुढे आलेलं डीआय इंजिन वेगळ्या घराण्यातलं, इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या ट्रॅक्टरकडून आलेलं. साडेतीन इंच बोअर आणि चार इंच स्ट्रोक, म्हणजे २५२३ सीसी. त्याचा जोर खालच्या फेऱ्यांवरच मिळतो आणि दुरुस्ती कुठल्याही गावात होते. पण हायवेवर ही दोन्ही इंजिनं थकतात. मग नजर जाते ती स्कॉर्पिओच्या २१७९ सीसीच्या एमहॉककडे. स्कॉर्पिओत पहिल्यांदा आलं तेव्हा ते १२० अश्वशक्तीचं होतं, म्हणजे जुन्या जीपच्या जवळजवळ दुप्पट.

या दुप्पट ताकदीबरोबर दुप्पट उष्णताही येते. इंजिन बदलताना सगळी चर्चा माउंटिंग, गिअरबॉक्सची जोडणी आणि वायरिंग यांचीच होते. ऑइल कुलर आठवतो तो शेवटी, बॉनेट लागत नाही म्हणून. माझ्या मते इंजिन बदलणाऱ्या मिस्त्रीची खरी पारख इथेच होते. ताकद कुणीही आणतो. तिची उष्णता कुठे जाणार हे ज्याने आधी ठरवलं, त्याचीच गाडी घाट चढून उतरते.

डिझेलच्या उष्णतेचा ढोबळ हिशेब असा: तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो, तिसरा सायलेन्सरमधून जातो आणि जवळपास तेवढाच पाण्यात आणि ऑइलमध्ये उतरतो. टर्बो इंजिनात ऑइलवरचा भार आणखी वाढतो. टर्बोच्या बेअरिंगमधून तेच फिरतं, आणि नव्या डिझेलांमध्ये पिस्टनच्या बुडाला गार ठेवायला खालून ऑइलची पिचकारीही मारली जाते. ९० ते ११० अंशांपर्यंत ऑइलला काही होत नाही. १३०च्या पुढे ते पातळ होतं, प्रेशर पडतं आणि बेअरिंगवरचा तेलाचा पापुद्र्यासारखा थर तुटू लागतो. शिवाय दर दहा अंश तापमानवाढीला ऑइल खराब होण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. लो रेंजमध्ये चिखलातून रांगणाऱ्या जीपला वारा लागत नाही आणि इंजिनावरचा जोर मात्र हायवेपेक्षा जास्त असतो. त्यामुळे कुलरची गरज सर्वांत जास्त तिथेच लागते.

कुलर दोन प्रकारचे. पहिला पाण्याचा. पत्र्याच्या थरांचा हा छोटा ठोकळा फिल्टरजवळ ब्लॉकलाच बसतो. आतल्या एका थरातून ऑइल वाहतं, दुसऱ्यातून कूलंट. दुसरा वाऱ्याचा. रेडिएटरसारखी ही जाळी पुढे ग्रिलमागे बसते आणि दोन होजांनी इंजिनाला जोडलेली असते. स्कॉर्पिओच्या इंजिनाबरोबर येणारा कुलर पाण्याचा असतो, आणि जीपच्या अरुंद चेसिसमध्ये नेमका तोच कधी स्टीअरिंगला, कधी चेसिसच्या कडेला अडतो. तिथे एक वाईट सवय दिसते: कुलर काढून टाकायचा आणि भोकांवर प्लेट मारून ती बुजवायची. इंजिन सुरू होतं, शहरात चालतंही. बेअरिंगला मात्र त्याची किंमत पुढे मोजावी लागते.

शक्य असेल तिथे माउंटिंग दोन बोटं सरकवून मूळ कुलर ठेवावा, हे मी आग्रहाने सांगेन. तो ऑइल गार तर करतोच, थंडीत गरमही करतो. निफाडला पारा ५ अंशांच्या खाली उतरतो, त्या सकाळी कूलंट आधी तापतं आणि ऑइललाही लवकर ऊब देतं. पण मग रेडिएटरही मोठा हवा. पाण्याचा कुलर उष्णता नाहीशी करत नाही, फक्त पाण्याकडे सोपवतो. ६२ अश्वशक्तीसाठी बनलेली जाळी १२०चा भार पेलणार नाही.

मूळ कुलर बसतच नसेल तर वाऱ्याचा. त्यासाठी फिल्टरखाली सँडविच प्लेट लागते. ती थर्मोस्टॅटची घ्यावी. साधारण ८० अंशांना उघडणारी असली म्हणजे थंड ऑइल उगाच जाळीत फिरत नाही. जाळी लावताना तोंडं वर ठेवावीत, म्हणजे हवा अडकत नाही आणि इंजिन बंद झाल्यावर ऑइल सगळं खाली उतरत नाही. जाळी रेडिएटरला पूर्ण झाकत असेल तर एकीला दिलेला वारा दुसऱ्याकडून काढून घेतल्यासारखं होतं. तिला बाजूला जागा शोधावी, जमल्यास छोटा पंखा द्यावा. आणि चिखलातून आल्यावर ती मागून पुढे पाण्याने धुवावी, कारण सुकलेला चिखल जाळीच्या फटींमध्ये बसला की कुलर नावापुरताच उरतो.

होजच्या बाबतीत नाशिककरांचं नशीब चांगलं. द्राक्षबागांचे ट्रॅक्टर आणि जेसीबी यांच्यामुळे हायड्रॉलिक होज मापाने कापून, टोकं दाबून देणारी दुकानं सहज मिळतात. तिथूनच करून घ्यावी. रेडिएटरची होज ऑइलने फुगते, आणि थंड सकाळच्या प्रेशरला साध्या क्लिपचा भरवसा नाही. आतला व्यास अरुंद नको. पुढचा एक्सल स्प्रिंगच्या पट्ट्यांवर वर उचलला जातो तेव्हा होज कुठे घासते, हे जीपचं एक चाक उंचवट्यावर चढवूनच तपासावं. सपाट जमिनीवर उभी असताना ते कळत नाही.

इंजिन भंगारातून आलं असेल तर त्याचा जुना कुलर वापरू नये, मग तो कितीही धुतलेला असो; तसाच नवा घ्यावा. आधीच्या मालकाच्या फुटलेल्या बेअरिंगचा कीस त्या बारीक थरांत अडकून राहतो आणि पुन्हा इंजिनात उतरतो. शिवाय जीपमध्ये इंजिनाचा कल बदलला की डिपस्टिकचं मापही बदलतं. मोजून ऑइल भरावं आणि नवी खूण करून घ्यावी. कुलर आणि होजांमध्ये भरणारं ऑइल त्यात वेगळं धरावं.

कागदाचं कामही आधीच पाहावं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये हेच पुन्हा ठामपणे सांगितलं. इंजिनाचा नंबर नोंदणीपत्रावर असतो. आरटीओला न विचारता इंजिन उतरवू नये.

सगळं जोडून झालं की इंजिन पेटू न देता स्टार्टरने थोडं थोडं फिरवावं, प्रेशर गेजवर दिसेपर्यंत. मगच पेटवावं. पहिल्या कसारा घाटानंतर ऑइलचा रंग पाहावा. दुधाळ दिसलं तर पाणी आणि ऑइल मिसळलंय, बहुधा कुलरच्या आत. गाडी तिथेच थांबवून टोचन करून आणावी. चांगलं दिसलं तरी पहिला फिल्टर हजार किलोमीटरच्या आत काढून करवतीने उघडावा आणि त्याच्या कागदावर चमकणारा कीस आहे का, ते उजेडात पाहावं.