१२३४५६७८९८७६५४३२१: 'चमत्कारी' संख्येचं गुपित काय आणि एक्सेल तिला का चुकवतं?

१११११११११ ला १११११११११ नेच गुणलं की उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. ही सतरा आकडी संख्या उलटी वाचली तरी तीच राहते. व्हॉट्सअ‍ॅपवर ती 'चमत्कार' म्हणून फिरते. कारण मात्र शाळेतल्या गुणाकाराचंच आहे.

असं का होतं?
कागदावर गुणाकार मांडा. एकाखाली एक नऊ ओळी येतात. प्रत्येक ओळीत नऊ एक, दर वेळी एक घर डावीकडे सरकलेले. उभी बेरीज करताना उजवीकडच्या पहिल्या घरात १, पुढे २, ३ असं चढत मधल्या घरात ९ येतात आणि तिथून उतरण सुरू होते. बेरीज कुठेच ९ च्या वर जात नाही, म्हणजे हातचा येत नाही. सगळी गंमत एवढीच.

दहा एक घेऊन बघा. मधल्या घरात १० होतात, हातचा शेजारी जातो आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. आरसा फुटला!

मराठी गणितज्ञाचं नाव
अशा संख्यांना 'डेम्लो संख्या' म्हणतात. हे नाव दिलं द. रा. कापरेकर यांनी. मुंबईजवळच्या डेम्लो रेल्वे स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली. ६१७४ या कापरेकर स्थिरांकामुळे जगभर ओळखले जाणारे कापरेकर (१९०५-१९८६) नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर होते. आनंद देणारी ती 'हर्षद संख्या', हे नावही त्यांचंच. अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला पूर्ण भाग जातो, ती हर्षद. आपल्या संख्येतल्या अंकांची बेरीज ८१. भाग देऊन बघा, बाकी शून्य उरते आणि भागाकार असतो १२३४५६७९ चा वर्ग. म्हणजे ही संख्या डेम्लोही आहे आणि हर्षदही.

मग एक्सेलचं काय?
हीच संख्या एक्सेलमध्ये टाइप करा. आधी १.२३ई+१६ असं काहीतरी दिसेल. फॉरमॅट बदलून पूर्ण संख्या पाहिली तर १२३४५६७८९८७६५४३००. शेवटचे २१ गेले! एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपतं, पुढे शून्यं भरतं. तेही कोणतीही सूचना न देता, हे जास्त वाईट.

संख्या गमतीची असेल तोवर ठीक. पण समजा, किकवीतल्या एखाद्या बचत गटाने सभासदांचे खाते क्रमांक एक्सेलमध्ये भरले. आधार १२ आकडी, तो सुरक्षित. काही बँकांचे खाते क्रमांक मात्र १६ आकडी असतात. तिथे शेवटचा अंक शून्य होतो आणि खातं दुसऱ्याचंच ठरू शकतं.

उपाय सोपा आहे. क्रमांक भरण्याआधीच त्या रकान्याचा फॉरमॅट 'टेक्स्ट' करा. भरल्यानंतर केला तर गेलेले अंक परत येत नाहीत, पासबुक घेऊन पुन्हा टाइप करावं लागतं.