वेळुवन, राजगृह आणि आपले घर

विनयपिटकात एक प्रसंग आहे. मगधराज बिंबिसाराला तथागतांच्या निवासासाठी जागा निवडावयाची होती. नगरापासून फार दूर नाही आणि फार जवळही नाही, दिवसा गर्दी कमी, रात्री कोलाहल अल्प, अशी जागा त्याने हेरली आणि राजगृहाजवळचे वेळुवन दान दिले. अंगुत्तर निकायात निवासाचे गुण सांगताना तर डास, माश्या, वारा व ऊन यांचाही विचार केला आहे. ध्यानाच्या चर्चेत डासांची दखल घेणारी ही दृष्टी आम्हांस फार व्यवहारी वाटते.

त्याच राजगृहाचे नाव बाबासाहेबांनी दादरच्या हिंदू कॉलनीतील आपल्या वास्तूला दिले. ग्रंथांना पुरेशी जागा मिळावी, हा ती बांधण्यामागील मोठा हेतू होता. त्यापूर्वीची कितीतरी वर्षे परळच्या चाळींत गेली. विद्यार्थिदशेत डबक चाळीतील एकाच खोलीत चूल, भांडी, सरपण, अंथरूण आणि अभ्यास असे. सुभेदार रामजी मुलाला लवकर निजवीत, स्वतः जागत आणि रात्री दोनच्या सुमारास त्याला अभ्यासासाठी उठवीत. खोली मोठी करणे त्यांच्या हाती नव्हते. निवांत वेळ तेवढा त्यांनी मिळवून दिला. राजगृहाच्या दालनांपेक्षा आम्हांस ही व्यवस्था अधिक थोर वाटते.

जरीपटका, इंदोरा परिसरातील आपली घरेही बहुधा दोन-तीन खोल्यांचीच. मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो, आणि नेमकी त्याच दिवसांत वसतिगृहातील मुले घरी येतात. येथे घंटेबरोबर पुस्तक उघडणारा मुलगा घरी वाचत नाही, अशी तक्रार पालक करतात. त्या वेळी दूरचित्रवाणी चालू असते काय, हे आम्ही विचारतो. उत्तर बहुधा हसण्यात मिळते. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 व रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. वरातीचा गोंगाट एकट्याने थांबविता येत नाही. घरातला आवाज मात्र सायंकाळी तासभर बंद ठेवता येतो. मग मूल आतल्या खोलीत बसो की स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी, फारसा फरक पडत नाही.

कूलरसमोरच्या भिंतीतील खिडकी थोडी उघडी ठेवावी, नाहीतर दमटपणा वाढून झोप मोडते. त्याची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून, घासून, कोरडी करावी. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो.